हवालदाराच्या नजरा

माझ्या नाकावर राग असतो असं घरचे म्हणतात, आणि ते खरं आहे. म्हणून आधीच सांगून टाकतो, ही गोष्ट मी शांतपणे सांगणार नाही. ज्याला शांतपणे ऐकायची असेल त्यानं ती आमच्या दिग्दर्शक ताईंकडून ऐकावी. त्यांच्या तोंडून ती फार छान वाटते, लोक टाळ्यासुद्धा वाजवतात.

मी नट आहे. पोस्टरवरचा नव्हे. पोस्टरवर जो असतो त्याच्या खांद्यामागे ज्याचा अर्धा कान दिसतो, तो. गेली कितीतरी वर्षं मी टीव्हीवरच्या एका पोलिसी मालिकेत हवालदार आहे. अमली पदार्थ विकणारी एक टोळी, तिच्या मागावर असलेलं एक पथक, आणि पथकाचा प्रमुख इन्स्पेक्टर, ज्याला सगळे साहेब म्हणतात. साहेब धावतो, साहेब गोळ्या झाडतो, साहेब खिडकीशी उभा राहून विचार करतो. मग मी दार उघडून म्हणतो, "साहेब, गाडी तयार आहे." या एका वाक्यावर मी संसार केलाय, तेव्हा हसायचं काम नाही.

साहेबाचं काम करणारा माझा मित्र. मी त्याला लंब्या म्हणतो, तो मला ढोल्या. ही नावं नाटकाच्या तालमीत पडली तेव्हा दोघांनाही धड मिशा फुटल्या नव्हत्या. एका ताटात जेवलो, एका सतरंजीवर झोपलो, एकमेकांचे शर्ट घातले. म्हणजे त्यानं माझे घातले, त्याचे मला कधी बसलेच नाहीत. पुढे तो मोठा झाला आणि मी होतो तिथेच राहिलो, पण त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. हवालदाराचं काम मला त्यानंच मिळवून दिलं होतं, आणि हे मी चारचौघांत छाती पुढे काढून सांगायचो.

आता आमच्या कामाची एक पद्धत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. दिवसाचं शूटिंग संपलं की ताई ओरडायच्या, "चला, नजरा!" मग एकेकानं कोऱ्या भिंतीपुढे उभं राहून कॅमेऱ्याला सुट्या नजरा द्यायच्या. डावीकडे बघ. दाराकडे बघ. दचक. आवंढा गीळ. कशाला दचकायचं ते विचारायचं नाही. संकलक आपल्या सोयीनं त्या नजरा कुठेही जोडतो. मालिकेत कुणी मेलं तरी माझी तीच दचक, कुणाचं लग्न ठरलं तरी तीच. संकलकाला आम्ही कात्री म्हणायचो. तो मला म्हणायचा, "हवालदार, तुमच्या इतक्या नजरा माझ्याकडे पडून आहेत, की उद्यापासून तुम्ही आला नाहीत तरी चालेल." मी आपला खो खो हसायचो. शिवाय ताईंची अजून एक खोड होती. 'कट' म्हटल्यावरसुद्धा त्या कॅमेरा जरा वेळ चालूच ठेवायला लावायच्या, आणि शर्टाच्या आत चिकटवलेले माईक तर दिवसभर कुणी काढतच नसे. मागाहून काय कामाला येईल सांगता येत नाही, म्हणायच्या.

यंदा मालिकेत एकच प्रश्न पेटला होता. पथक धाड घालायला पोचायचं आणि वखार रिकामी निघायची. याचा अर्थ पथकातलंच कुणीतरी टोळीला खबर देत होतं. कोण तो घरभेदी? बसमध्ये, सलूनमध्ये, दवाखान्याच्या बाकावर लोक मला विचारायचे, आणि मी गूढ हसायचो, कारण मला काही ठाऊकच नव्हतं. बातमी बाहेर फुटू नये म्हणून प्रत्येकाला फक्त आपापल्या वाक्यांचे कागद मिळायचे. माझा कागद म्हणजे चिठोरंच. आमच्या सासूबाई मालिका खरी मानतात. त्या मला बजावायच्या, "जावईबापू, साहेबांना सांगून ठेवा, त्या टायपिस्ट पोरीचं लक्षण ठीक दिसत नाही हं." मी म्हणायचो, सांगतो.

एका दुपारी लंब्यानं मला त्याच्या खोलीत बोलावलं. त्याला स्वतंत्र खोली होती, आरशाभोवती दिवे असलेली. आम्हा बाकीच्यांना पडद्याआड एक बाक होतं.

"ढोल्या, दार लाव," तो म्हणाला.

मी लावलं.

"कडी घाल."

कडी घातली. वर्दीच्या शर्टाची बटणं काढून तो आरशाकडे पाठ करून बसला होता. जरा उतरलेलाच दिसत होता. गेले काही आठवडे त्याचं वजन कमी होत चाललं होतं, ते माझ्या आधीच लक्षात आलं होतं.

"पोटात गाठ निघालीय माझ्या," तो म्हणाला. "चांगली नाही म्हणतायत. औषधं सुरू केलीत, बघू."

मी विचारलं, "वहिनींना सांगितलंस?"

"वेडा आहेस का? ती हाय खाईल. आणि चॅनलला कळलं तर उद्या दुसरा साहेब उभा करतील. फक्त तुला सांगतोय. बाकी कुणालाच नाही. तुझ्या घरातसुद्धा बोलायचं नाहीस. शब्द दे."

मी शब्द दिला. तेव्हा तो रडला. मीही रडलो. दोन घोडे एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो, आणि मेकअपदादा बाहेरून दार वाजवत राहिले.

मग डोळे पुसून त्यानं मला सगळं समजावलं. शूटिंग चालू असताना मध्येच त्याला कळ यायची. कळ आली की तो कपाळावर अंगठा दाबणार, आणि मी काहीतरी करून शॉट थांबवायचा. "माझ्यामुळे थांबला तर विचारतील काय झालं," तो म्हणाला. "तुझ्यामुळे थांबला तर दोन शिव्या देतील आणि विसरतील." हे अगदी खरं होतं. शिवाय औषध घेतलं की तो मला एक रिंग देणार. रिंग आली नाही तर मी फोन करून आठवण करायची.

त्या दिवसापासून माझं दुसरं काहीच चालेना. सेटवर माझे डोळे सारखे त्याच्याकडे. तो बसला, तो उठला, त्याचा हात कपाळाकडे चालला की केस सारखे करायला चालला? खिशातला फोन मी मिनिटामिनिटाला काढून बघायचो. तो सेटवर नसताना रिंग चुकली की कुणाचं लक्ष नाही असं बघून मागच्या जिन्यात जायचो आणि भिंतीकडे तोंड करून हळूच बोलायचो. "घेतलंस ना? ... इथे कुणाला संशय नाही, तू काळजी करू नकोस. ... उद्या सकाळी परत फोन कर." परत येताना ताई समोर दिसल्या की माझ्या तोंडचं पाणी पळायचं. मला खोटं बोलता येत नाही. मी म्हणायचो, "घरून फोन होता," आणि कानापर्यंत लाल व्हायचो.

वखारीतल्या मोठ्या धाडीचं शूटिंग तर मी जन्मात विसरणार नाही. आम्ही सगळे खोक्यांच्या आडून वाकून चाललो होतो. पुढे लंब्या, मागे मी. आत टोळीचा म्होरक्या बसलेला. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. तेवढ्यात लंब्यानं कपाळावर अंगठा दाबला. मी इकडेतिकडे पाहिलं, आणि बाजूचा रिकामा पत्र्याचा डबा लाथेनं उडवला. तो डबा वखारभर गडगडत गेला.

"हवालदार!" ताई कडाडल्या. "पाय आहेत की ओंडके?"

"चुकलं, ताई."

पुन्हा सुरुवात केली. पुन्हा अंगठा. या वेळी मी खोक्यांच्या थप्पीवर पडलो. युनिटमधले सगळे माझ्या नावानं खडे फोडत होते. दिवे धरणाऱ्यांपासून चहा देणाऱ्यापर्यंत प्रत्येकानं मला काही ना काही ऐकवलं. एरवी मला कुणी अरे म्हटलं तर मी कारे म्हणणारा माणूस. पण त्या दिवशी सगळं ऐकून घेतलं. लंब्या एका खोक्यावर बसून पाणी पीत होता, त्यानं माझ्याकडे बघून डोळे मिटले, आणि मला वाटलं, बस्स, याला दोन मिनिटं बसायला मिळालं ना, मग जग गेलं खड्ड्यात.

घरी मात्र आग लागली होती. आमची ही काही आंधळी नाही. मी गॅलरीत उकिडवा बसून फोनवर कुजबुजत असताना ती मागे येऊन उभी राहिली.

"कुणाचा होता?"

"कामाचा."

"कामाचे फोन कपडे वाळत घालायच्या दोरीखाली बसून घेतात?"

तिनं अजून थोडे दिवस वाट पाहिली आणि एका सकाळी इस्त्री करता करता, माझ्याकडे न बघता विचारलं, "कुणी बाई आहे का?" झालं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसा मी ओरडलो. घर डोक्यावर घेतलं. सासूबाई आपल्या खोलीतून बाहेर आल्या आणि परत आत गेल्या. हिनं इस्त्री केलेला शर्ट घडी करून ठेवला. त्यानंतर तिनं विचारणंच सोडलं. ताट वाढायची, किल्ली द्यायची, दिवा घालवायची. अनेकदा माझ्या जिभेवर आलं होतं की अगं, लंब्या आजारी आहे. पण शब्द दिला होता. आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमानही वाटत होता. आपल्या मित्राचं एवढं ओझं आपण एकट्यानं वाहतोय, याचा.

लंब्याच्या घरीसुद्धा मी या काळात जाऊन आलो होतो. वहिनी हसतमुखानं दारात आल्या, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, चहा दिला. त्यांच्या नजरेला नजर न देता मी चहा घटाघट प्यायलो. या बिचारीला काय ठाऊक, असं मी मनात म्हणत होतो.

धाडीचं काम संपल्यावर ताईंनी मला सुट्टी दिली. "थकलात हवालदार, घरी आराम करा, लागलं तर बोलावू." मला ते त्यांचं प्रेम वाटलं. लंब्याला विचारलं, तुझं कसं होईल? तो म्हणाला, "आता बरं वाटतंय जरा. जा तू." मी रोज फोन करत राहिलो.

मग रविवारी दुपारी तो खास भाग लागला, घरभेदी कोण ते दाखवणारा. आमच्या घरी शेजारपाजारचे जमले होते, कारण टीव्हीत दिसणारा माणूस शेजारी बसवून टीव्ही बघायला लोकांना आवडतं. सासूबाई आपल्या खुर्चीत पुढे सरसावून बसल्या होत्या. माझी खुर्ची त्यांच्या शेजारी. ही दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

वखार रिकामी सापडते. साहेब कचेरीत परत येतो. खिडकीशी उभा राहतो. म्हणतो, "तो आपल्यातलाच आहे. रोज माझ्यासाठी दार उघडणारा."

आणि पडद्यावर मी.

मी लंब्याकडे चोरून बघतोय. मी फोन काढून बघतोय. मी मागे वळून बघत मागच्या जिन्यात जातोय. भिंतीकडे तोंड करून म्हणतोय, "इथे कुणाला संशय नाही, तू काळजी करू नकोस. उद्या सकाळी परत फोन कर." माझाच आवाज. ताईंना बघून लाल होणारा मी, फक्त आता समोर ताई नाहीत, साहेब आहे. सगळ्यात शेवटी धाड. खोक्यांच्या आड वाकलेलं पथक, आणि मी इकडेतिकडे बघून पत्र्याच्या डब्याला लाथ मारतोय. डबा गडगडतो, आत म्होरक्या कान टवकारतो, पळतो. त्यानंतर एक वाळूचा ढीग, त्यावर चादर पांघरलेलं एक प्रेत. टोळीनं आपलाच खबऱ्या संपवला होता. चादरीखालचा माणूस मी नव्हतो. पोट माझ्यापेक्षा बरंच लहान होतं.

शेजाऱ्यांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग माझं तोंड बघून थांबले. सासूबाई उठल्या. त्यांनी आपली खुर्ची ओढत लांब नेली आणि तिथून म्हणाल्या, "साहेबांनी तुम्हाला काय कमी केलं होतं, जावईबापू?"

"अहो आई, ते नाटक आहे!"

"नाही," ही दारातून म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता. "नाटकातलं तोंड मला कळतं. हे नाटक नाहीये. हे तोंड मी इतके महिने या घरात बघतेय." आणि ती आत निघून गेली.

मी बसल्या जागी पेटलो. मला न सांगता, न विचारता, माझ्या तोंडाचे तुकडे जोडून मला घरभेदी केलं, वर मारलं! पहिला राग ताईंचा आला, दुसरा कात्रीचा. पण तिसरा विचार आला आणि राग कुठल्या कुठे गेला. लंब्या! त्याच्याकडूनही ते दार उघडणाऱ्याचं वाक्य काही न सांगताच म्हणवून घेतलं असणार, त्यालाही हे आत्ताच कळलं असणार. त्याच्यासाठी मी जे जे केलं त्याचंच या लोकांनी असं केलं, हे बघून तो चवताळून उठला असेल. राजीनामा फेकेल तो. या असल्या प्रकृतीत एवढा संताप! मी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. पायात चपला अडकवल्या आणि निघालो.

बसमध्ये एका बाईनं आपल्या पोराला माझ्याजवळून उठवून दुसरीकडे बसवलं. तिकीट देताना कंडक्टर हसून म्हणाला, "काय हवालदार, कशाला विकलंत हो साहेबाला?" दुसऱ्या कुठल्या दिवशी मी त्याला सरळ केला असता. पण माझं सगळं चित्त लंब्याच्या पोटात होतं.

त्याच्या फ्लॅटचं दार सताड उघडं होतं. आतून हसण्याचे आवाज येत होते. टेबलावर कापलेला केक, ताई, लेखक, आणखी दोघंचौघं, वहिनी सगळ्यांना बशा देताहेत, आणि खोलीच्या मधोमध लंब्या. त्यानं कात्रीला खांद्यावर उचलून घेतलं होतं आणि तो त्याला घेऊन गोल गोल फिरत होता.

मला बघताच त्यानं कात्रीला खाली ठेवलं. "आला! आला माझा ढोल्या!" असं ओरडत तो धावत आला, मला मिठी मारली आणि चक्क उचललं. मला! मी घाबरून ओरडलो, "सोड, वेड्या, सोड. कळ येईल."

त्यानं मला खाली ठेवलं. ताईंनी तोंडावर हात नेला, पण हसू काही त्यांना आवरलं नाही. "अगं बाई, हे अजून त्यातच आहेत!" त्या म्हणाल्या.

मला वाटलं, काहीतरी फुटलंय. वहिनींच्या देखत आपण बोलायला नको होतं. मी सारवासारव करायला लागलो, "नाही, म्हणजे याची पाठ दुखते ना..."

"अहो," वहिनी नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "भावजींना अजून सांगितलं नाहीत तुम्ही? भाग लागायच्या आधी सांगणार होतात ना?"

कात्री खाली जमिनीकडे बघत होता. लंब्या माझा दंड धरून मला स्वयंपाकघरात घेऊन गेला. त्यानं दार लावलं.

"ढोल्या, आधी पूर्ण ऐकून घे."

"रिपोर्ट चांगले आले का?" मी विचारलं. खरंच विचारलं. माझं डोकं अजून तिथेच होतं.

"अरे, गाठ नव्हतीच."

"म्हणजे?"

"नव्हतीच. कधीच." त्यानं ओट्याला टेकून हाताची घडी घातली. साहेब खिडकीशी घालतो तशीच. "ताई म्हणाल्या, हवालदाराला आधी सांगितलं तर तो अभिनय करणार, आणि तो करायला लागला की शेवटच्या रांगेपर्यंत दिसतं. तुला नाटकाची सवय आहे रे, राग मानू नकोस. त्या म्हणाल्या, याला भूमिका देऊ नका, याला लपवायला काहीतरी द्या. मग मी म्हटलं, माझ्यावर सोपवा. तू फोनला मागच्या जिन्यात जातोस हे कळल्यावर तिथेही एक कॅमेरा लपवला."

"तू म्हटलंस."

"तुझ्यासाठीच म्हटलं! एवढा मोठा भाग तुझ्या चेहऱ्यावर उभा आहे. भाग लागल्यापासून फोन थांबत नाहीयेत. लोक विचारतायत, हा नट कोण? आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलंस तू."

मला वाटलं होतं मी त्याच्या कानशिलात देईन. हात उचलेचना. मी भलतंच विचारलं. "मग वजन कसं उतरलं?"

"डाएट. पुढच्या भागांत धावपळ आहे."

"आणि त्या औषधाच्या रिंगा?"

तो जरा चुळबुळला. "बऱ्याचदा मी द्यायचो. कधी कधी ताईंची असिस्टंट द्यायची माझ्या फोनवरून. मी अंघोळीला वगैरे असलो तर."

"तू रडला होतास, लंब्या. कडी घालून."

"रडलो ना," तो म्हणाला. "अरे, नटच आहे मी. पण तेव्हा मला खरंच वाईट वाटत होतं, शपथ."

स्वयंपाकघरात नळाखाली बशांचा ढीग पडला होता. मी त्या बशांकडे बघत उभा राहिलो. केसानं गळा कापणं म्हणतात ते मी शेकडो वेळा ऐकलं होतं, नाटकात म्हटलंही होतं. त्यात कापणारा इतका मायेनं बोलत असतो हे मला माहीत नव्हतं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की हवालदार कसा फितूर झाला त्याचा एक जुना प्रसंग पुढे दाखवायचा आहे, दोन दिवसांचं काम आहे, चांगलं आहे, आणि त्यासाठी त्यानं स्वतः शब्द टाकलाय. मग तो थांबून माझ्या तोंडाकडे बारकाईनं बघू लागला.

"हे बघ, आत्ता जे आहे ना तुझ्या चेहऱ्यावर," तो म्हणाला, "हे लक्षात ठेव. अगदी हेच लागेल."

मी त्याचा हात खांद्यावरून काढला. दार उघडून बाहेर आलो. ताई आडव्या आल्या. "हवालदार, रागावू नका हं. असं काम लोकांना जन्मभर मिळत नाही."

"ताई," मी म्हणालो, "मी काम केलंच नाही." आणि जिना उतरलो. लिफ्ट होती, पण लिफ्टची वाट बघत त्या दारात उभं राहायची माझी तयारी नव्हती.

घरी आलो तेव्हा शेजारी निघून गेले होते. सासूबाईंच्या खोलीचं दार बंद होतं. ही जेवायच्या टेबलाशी बसून मटार सोलत होती. तिनं वर पाहिलं नाही. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. कडी, गाठ, अंगठा, डबा, जिना, गॅलरी, सगळं. मध्ये तिचे हात थांबले. कुठल्या तरी ठिकाणी ती सोलायची विसरून शेंग तशीच धरून बसली.

"मला तरी सांगायचं होतंत," ती शेवटी म्हणाली.

"शब्द दिला होता."

"मी काय काय समजले. इतके महिने." तिचे डोळे भरून आले. "तुमच्याशी धड बोललेसुद्धा नाही."

"तुझं काही चुकलं नाही."

मग कुणाच्याही आजाराबद्दल ऐकल्यावर माणूस जे सवयीनं विचारतो तेच तिनं विचारलं. "म्हणजे भावजींना आता काही नाही ना?"

"काही नाही. ठणठणीत आहे."

"मग चांगलंच झालं की," ती म्हणाली.

ती चुकीचं बोलली नव्हती. चांगलंच झालं होतं. इतके महिने सकाळी डोळे उघडले की मी एवढंच मागायचो, की लंब्याला बरं वाटू दे. माझं काय व्हायचं ते होऊ दे, घरात भांडणं होऊ देत, सेटवर शिव्या पडू देत, पण त्याला बरं वाटू दे. आणि तो बरा होता. कात्रीला खांद्यावर घेऊन नाचत होता. मी टेबलाशी बसून मनातल्या मनात तो आनंद शोधू लागलो, कुठेतरी असणारच म्हणून, आणि तो कुठेच नव्हता. तेव्हा मात्र मला रडू फुटलं. अगदी पोटातून, आवाज करून, सासूबाईंच्या खोलीचं दार उघडेपर्यंत.

हिनं शेंगा बाजूला सारल्या आणि माझा हात धरला. "काय झालं? अहो, काय झालं?"

"तो बरा आहे," मी म्हणालो, "आणि मला आनंद होत नाहीये गं."